आजोबांची वही आणि विहिरीचे गणित

आज मी आपल्याशी एका वहीविषयी बोलणार आहे. वही जुनी आहे, कडा वाळवीने खाल्लेल्या आहेत. ती माझ्या आजोबांची. घरात आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा चाकूरजवळच्या आमच्या शेतात राबले, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले आणि ही वही पत्र्याच्या पेटीत ठेवून गेले. मी तिचा वारस खरा, पण वयाच्या चाळिशीपर्यंत मला तिच्यातली एक ओळसुद्धा नीट वाचता येत नव्हती.

याचे कारण साधे आहे. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो, मराठीत बी. ए. झालो, मराठीत कविता लिहितो. घरात आम्ही दखनी बोलतो. लहानपणी मशिदीत कुराणशरीफ वाचायला शिकलो, त्यामुळे अरबी अक्षरे ओळखीची होती. पण ती जेर-जबर लावलेली छापील अक्षरे. हाताने भराभर लिहिलेली उर्दू ही निराळीच गोष्ट. आजोबा आणि नातू एकाच घरातले, दोघेही शिकलेले, पण एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नाही, अशी आमची गत. मराठवाड्यात अशी घरे पुष्कळ आहेत, आणि ती एकट्या मुसलमानांची नाहीत.

शिक्षणातून नवनिर्मिती कशी होईल, माणूस आयुष्यभर शिकत कसा राहील, यावर हल्ली फार बोलले जाते. मला वाटते, त्याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या भागाने हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे. त्याचे यशही पाहिले आहे आणि अपयशही.

१९१७ साली हैदराबाद संस्थानात एक धाडसी विचार पुढे आला. सर अकबर हैदरी यांनी निजाम मीर उस्मान अली खान यांच्यापुढे एक योजना मांडली. त्या वेळी हिंदुस्थानातल्या जवळपास सगळ्या विद्यापीठांत शिक्षण इंग्रजीतून होते. परक्या भाषेतून शिकताना मुलाची सगळी शक्ती पाठांतरात खर्च होते, स्वतःचा विचार करायला बळ उरत नाही, तेव्हा विद्यापीठाचे शिक्षण देशी भाषेतून द्यावे आणि इंग्रजी हा एक सक्तीचा विषय ठेवावा, असा त्या योजनेमागचा विचार होता. निजामांनी ती मान्य केली आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. रवींद्रनाथ टागोरांसारख्या माणसाने या कल्पनेचे मनापासून स्वागत केले.

पण उर्दूत पुस्तके कुठे होती? त्यासाठी विद्यापीठाच्या आधीच, १९१७ साली, ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतराचे खाते उघडण्यात आले. मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख होते. पुढे जोश मलीहाबादींसारखा शायरही तिथे नोकरीला होता. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, रसायन, वैद्यक, सगळे विषय उर्दूत आणायचे म्हणजे हजारो नवे शब्द घडवायचे. विषय जाणणारे आणि भाषा जाणणारे एकत्र बसत आणि एकेका शब्दावर वाद घालत. वैद्यकी आणि इंजिनिअरिंगदेखील उर्दूतून शिकवून दाखवले गेले. देशी भाषेत विज्ञान शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. त्या कामाला मी आजही सलाम करतो.

आता दुसरी बाजू. संस्थानातली जवळपास निम्मी माणसे तेलुगू बोलत, चौथा हिस्सा मराठी बोलत, त्यांच्या खालोखाल कानडी. उर्दू बोलणारे दहांत एक. म्हणजे परक्या भाषेतून शिकल्याने बुद्धी खुंटते हे ज्यांनी ओळखले, त्यांनीच दहांतल्या नऊ मुलांपुढे दुसरी परकी भाषा ठेवली. खालच्या वर्गांत काही ठिकाणी मराठी असे. पण वरचे वर्ग, परीक्षा, कचेरी, अदालत, सगळे उर्दूत. शाळेची पायरीही त्याच भाषेत: तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि त्यावरची.

आणि दखनी बोलणाऱ्या मुसलमान शेतकऱ्याच्या पोराला तरी ती भाषा कुठे आपली होती? दादा सांगत, “आमच्या घरात ‘नक्को’ आन् ‘हौ’. किताबात मात्र लखनौ. मास्तर विचारायचे, समजलं का? आम्ही सगळे म्हणायचो, जी हाँ. समजलेलं कुणालाच नसायचं.” त्यांच्या शेजारी बसणारा लिंगायत वाण्याचा मुलगाही ‘जी हाँ’ म्हणायचा. ‘जी हाँ’ म्हणणाऱ्या वर्गात प्रश्न विचारला जात नाही, आणि प्रश्न नसला की नवे काही सुचत नाही.

मराठी माणसे यावर हात बांधून बसली नाहीत. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी १९०७च्या सुमारास हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा काढली. त्याच सुमारास गुलबर्ग्यात नूतन विद्यालय उभे राहिले. परभणीचे गणेश वाचनालय तर १९०१ सालचे. त्या काळी वाचनालय ही साधी गोष्ट नव्हती. ज्यांच्या शाळेत मराठी नव्हती, त्यांची ती मराठी शाळाच होती, आणि तिला वयाची अट नव्हती. दिवसभर कचेरीत उर्दूत अर्ज लिहिणारा कारकून संध्याकाळी तिथे येऊन मराठी वर्तमानपत्र वाचत असे.

१९२१ साली आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परगा या आडवळणी गावात राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी हे तिचे संस्थापक. पुढे तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण मुख्याध्यापक म्हणून आले. तेच आपले स्वामी रामानंद तीर्थ. १९३५ साली ते अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी शाळेत गेले. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा नेता आधी शाळामास्तर होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संस्थानी सरकारने १९२४च्या सुमारास खासगी शाळांवर परवानगीची बंधने घातली. विचार करणाऱ्या शाळेची भीती राज्यकर्त्याला आधी कळते, समाजाला मागाहून.

१९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या कॉलेजात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतले बरेच जण नागपूर विद्यापीठात गेले आणि तिथून पदवीधर झाले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक.

आता पुन्हा वहीकडे येतो. दादांच्या वहीतली शेवटची नोंद मेहर १३५७ फसलीची आहे. संस्थानात फसली साल चाले. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. ही नोंद ऑगस्ट १९४८च्या आसपासची. पुढच्याच महिन्यात, १३ ते १७ सप्टेंबरला, पोलीस अॅक्शन झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. रझाकारांच्या जुलमातून लोक सुटले, ही त्या घटनेची मोठी बाजू. ती मान्य करूनच सांगतो, की त्या दिवसांत उसळलेल्या सुडात अनेक गावांतल्या निरपराध मुसलमानांनाही फार सोसावे लागले. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नसे. दादांनी वही पेटीत घातली आणि त्यानंतर उर्दूत काही लिहिले नाही. मराठी लिहायला ते शिकले नव्हते. म्हणजे ऐन तिशीच्या आत एक शिकलेला माणूस अंगठेबहाद्दरांत जाऊन बसला. उर्दूवर पोट असणारे हिंदू कारकून आणि वकील यांचीही तीच अडचण झाली. उस्मानियात उर्दू जाऊन इंग्रजी आली. आमच्या चाकूरचे शिवराज पाटील पुढे उस्मानियातून विज्ञानाची पदवी घेऊन आले आणि लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले, ते त्या बदललेल्या विद्यापीठातून.

राज्य बदलले की लिपी बदलते आणि काल शिकलेला आज अडाणी ठरतो. अशा वेळी शिकण्याची दारे प्रौढांसाठी उघडी नसली, तर एक अख्खी पिढी मुकी होते. आयुष्यभर शिक्षण म्हणतात ते याचसाठी हवे. ती चैनीची गोष्ट नाही.

मुक्तीनंतर मात्र मराठवाड्यात शिक्षणाचा मोठा जागर झाला. १९५० साली दोन कॉलेजे सुरू झाली. नांदेडला पीपल्स कॉलेज, आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून गाजले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. ज्यांच्या घराण्यात कधी कुणी पाटी धरली नव्हती, अशी मुले नागसेनवनात येऊन राहिली आणि त्यांना आपल्या बोलीत, आपल्या जगण्याविषयी बोलायला जागा मिळाली. त्याच मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८च्या सुमारास ‘अस्मितादर्श’ सुरू केले. दलित साहित्याने मराठीला जे नवे शब्द, नवे अनुभव दिले, त्याची एक नांगरणी या कॉलेजात झाली. शिक्षणातून नवनिर्मिती झाल्याचे याहून मोठे उदाहरण मराठीत मला माहीत नाही. तिथे नवनिर्मितीचा वेगळा तास नव्हता. मुलांना स्वतःचे बोलण्याची भीती उरली नव्हती, एवढेच.

नांदेडला नरहर कुरुंदकर होते. इंटरच्या परीक्षेत ते अनेकदा नापास झाले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक, घरात पुस्तकांची रीघ. भाचा परीक्षेत नापास होत होता आणि ग्रंथालये वाचून काढत होता. आधी शाळेत शिकवले, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले. नाट्यशास्त्रापासून इस्लामपर्यंत कशावरही ते अभ्यास करून बोलत. त्यांची काही मते मला मुसलमान म्हणून बोचली आहेत. पण वाचल्याशिवाय बोलायचे नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आणि आमच्या लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी. निजामाच्या राजवटीत वाढलेल्या या माणसाने उर्दू आणि फारसीचा राग धरला नाही, त्या भाषा आत्मसात केल्या. आदिलाबादकडे अधिकारी असताना गोंडी आणि कोलामी शिकले, त्यांची व्याकरणे लिहिली. फारसी साधने वाचून शिवकालाचा इतिहास लिहिला. उर्दू शायरी आणि सूफी परंपरा मराठी वाचकांपर्यंत आणली. पुढे मुंबईला गॅझेटिअरचे काम पाहिले. १९९२ साली पद्मभूषण मिळाले. लादलेल्या भाषेचेही त्यांनी धन केले, कारण ते शिकणे परीक्षेपाशी थांबले नाही.

आता लातूर म्हटले की वेगळीच गोष्ट आठवते. १९९०च्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुले झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर झाला. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव, पुन्हा सराव, प्रश्नपत्रिकांवर प्रश्नपत्रिका. मी त्याला नावे ठेवणार नाही. बिनपाण्याच्या गावातल्या शेतकऱ्याची पोरे त्यामुळे डॉक्टर, इंजिनिअर झाली. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे आपण कमी नाही, हे आम्हाला कळले. पण गुणवत्ता यादी गेली, परीक्षा बदलल्या आणि पॅटर्न राहिला. चाकूरहून लातूरला खोली करून राहिलेला शेजारचा मुलगा सुटीत भेटला. मी विचारले, सध्या काय वाचतोस? तो म्हणाला, “काका, वाचायला वेळ नाही, अभ्यास आहे.” मला एकदम दादांचा वर्ग आठवला. पुस्तक त्याच्या हाती होते, भाषाही त्याला समजत होती, पण प्रश्न विचारायला फुरसत नव्हती. ‘जी हाँ’ म्हणायला परकी भाषाच लागते असे नाही.

माझ्यापुरते सांगतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मी विशीत होतो. आपण मराठीत लिहितो यात लाजण्यासारखे काही नाही आणि मिरवण्यासारखेही काही नाही, ती आपली भाषा आहे, हा धीर त्या वातावरणाने दिला. पण पेटीतली वही छळत राहिली. शेवटी चाळिशी उलटल्यावर मी गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. ते मराठा, ऐंशीच्या घरातले, निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. गावातले जुने खासरापत्रक, जुना कौल वाचायचा तर लोक त्यांच्याकडेच जात. मी म्हणालो, “गुरुजी, मला उर्दू लिहा-वाचायला शिकवा.” ते हसले. “अरे, तू मुसलमान, मी मराठा. आन् उर्दू मी शिकवू तुला?” मग म्हणाले, “ये उद्यापासून. पाटी आण.”

मी खरोखरच पाटी नेली. पे, चे, टे, गाफ ही अरबीत नसलेली अक्षरे गिरवली. आठ-नऊ महिने गेले. कविता लिहिणाऱ्या माणसाला चाळिशीनंतर पहिलीत बसावे लागले, याचा फायदा असा झाला, की शब्दांकडे पुन्हा नवेपणाने पाहता आले. आपल्या मराठी शाळेतले कागद, शाई, दौत, दप्तर हे सगळे शब्द त्या बाजूने आलेले आहेत, हे माहीत होते. आता ते हाताला जाणवले. माझ्या कवितेत त्यानंतर जे थोडेफार नवे आले, ते या पाटीवरून आले.

आणि एके दिवशी वही उघडली. मला वाटले होते, त्यात शेरोशायरी असेल, नाहीतर गाऱ्हाणी असतील. निघाले काय, तर विहिरीचे गणित. साल १३५५ फसली, म्हणजे १९४५-४६. आमच्या शेतातली विहीर दादांनी तेव्हा बांधली. पानावर एक गोल काढला आहे. बाजूला उस्मानियाच्या काळातले शब्द: दायरा म्हणजे वर्तुळ, कुतर म्हणजे व्यास, मुहीत म्हणजे परीघ. कुतर १४ हात, मुहीत ४४ हात. हातभर लांबीचा घडीव दगड धरला, तर एका थराला ४४ दगड. पण त्याखाली लिहिले आहे, की गवंड्याने ४१च बसवले. आणि पुढे प्रश्न: किताब गलत की गवंडी? त्याच्याही खाली उर्दू अक्षरांत मराठी शब्द आहेत: मुरूम, कातळ, सांधा, चुना.

त्या पानापाशी मी बराच वेळ थांबलो. वर्गात ‘जी हाँ’ म्हणणाऱ्या मुलाला शेतात पहिला प्रश्न पडला होता. शाळेने दिलेले शब्द आणि गवंड्याच्या तोंडचे शब्द एका पानावर आले, तेव्हा ते गणित त्याचे स्वतःचे झाले. परकी भाषा त्याला आडवी आली नाही, कारण विहिरीच्या काठावर त्याची स्वतःची भाषा बोलायला मोकळी होती. अकबर हैदरींची कल्पना खरी ठरली, पण त्यांच्या विद्यापीठात नव्हे, आमच्या शेतात.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. चांगले आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव वाचनालयांना अनुदान मिळू लागले. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले आणि शाळा सुटलेल्यांनाही पदवीचा रस्ता मिळाला. साधने आहेत. पण वाचनालयाला कुलूप असेल आणि वर्गात प्रश्नाला जागा नसेल, तर कायद्याच्या कागदाने काय होणार? प्रत्येकाने आपल्या गावापुरते पाहावे. वाचनालय किती वाजता उघडते, तिथे मुले येतात का, म्हातारी माणसे येतात का, एवढे जरी पाहिले तरी खूप आहे.

मागच्या वर्षी मी ती वही घेऊन आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो. सातवीच्या वर्गात फळ्यावर गोल काढला, १४ आणि ४४ लिहिले आणि दादांचा प्रश्न विचारला. आधी सगळे गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील गवंडीकाम करतात. ती म्हणाली, “सर, दोन दगडांच्या मधी चुना न्हाई का भरत? त्याची जागा कुठं धरली?” वर्गाने वहीत हिशोब मांडला. कमी पडलेले तीन हात म्हणजे ५४ इंच. ते ४१ सांध्यांत वाटले, तर एका सांध्याला सव्वा इंचाहून थोडे जास्त. मुलीने अंगठा आडवा धरून दाखवला आणि म्हणाली, एवढाच असतो.

दादांच्या प्रश्नाला जवळजवळ ऐंशी वर्षांनी उत्तर मिळाले. ते मी वहीत त्या पानावर लिहून ठेवले आहे, उर्दूत आणि मराठीत. विहीर अजून आहे. पाऊस बरा झाला तर चैत्रापर्यंत पाणी पुरते.